हवामानबदल आणि स्थलांतराचा पेपर कसा उभा करावा: कोयत्यापासून किरिबातीपर्यंत

पहिल्या वर्षी मी हा पेपर समुद्रापासून सुरू केला. प्रशांत महासागरातली तुवालू, किरिबाती ही बेटं, वाढती पातळी, पडद्यावर निळे नकाशे. वर्ग एम.ए. भूगोलाचा, कॉलेज बीड जिल्ह्यातलं. निम्म्या पोरांनी समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीत. दसऱ्यानंतर मागच्या बाकावरचा एक मुलगा दिसेना. मी हजेरीपटावर फुल्या मारत गेले. मार्चअखेर तो भेटला तेव्हा कळलं, आईचा हात मोडला म्हणून वडिलांबरोबर कोयता, म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी, पुरा करायला तो उसाच्या फडात गेला होता. स्थलांतर शिकवणाऱ्या बाईंनी वर्गातल्या स्थलांतरितालाच गैरहजर ठरवलं होतं.

तेव्हापासून पेपरचा क्रम उलटा केला. कोयत्यापासून सुरुवात, किरिबाती शेवटी. तुमच्याकडे असा पेपर काढायचा असेल तर माझी पहिली सूचना हीच: वर्गातल्या पोरांच्या घरातून कोण, कधी, कुठं जातं ते आधी विचारा. युनिटं नंतर लिहा. चंद्रपूरला उत्तर वेगळं येईल, रत्नागिरीला वेगळं.

विचारताना ‘स्थलांतर’ हा शब्द मात्र वापरू नका. आमच्याकडे कुणी स्थलांतर करत नाही. लोक ‘कारखान्याला जातात’ नाहीतर ‘पुण्याला असतात’. एका विद्यार्थिनीनं पाटोदा तालुक्यात घरोघर ‘तुमच्या घरातून कुणी स्थलांतर केलं का’ असं विचारलं आणि वहीभर ‘नाही’ लिहून आणलं. त्याच घरांतल्या टोळ्या पंधरा दिवसांनी टेम्पोत बसल्या.

पेपर विषम सत्रात ठेवा, जुलैपासूनच्या. अभ्यासमंडळात यावर वाद होईल, तरी हट्ट धरा. उचल, म्हणजे मुकादमानं (टोळी नेणाऱ्या कंत्राटदारानं) हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच वाटली जाते, माणसं दसऱ्या-दिवाळीपर्यंत गावात असतात. मी एकदा जानेवारीत क्षेत्रभेट काढली होती. गावात म्हातारी माणसं, चार-दोन पोरं आणि दारांना कुलपं. फुकट गेली असं वाटलेली ती भेट नंतर कामाला आली: आता प्रत्येक तुकडीला मी दिवाळीनंतर एकदा कुलपं मोजायला पाठवते. सप्टेंबरची घरांची यादी आणि नंतरची कुलपं, दोन्ही शेजारी मांडली की गावच्या सरकारी आकड्यात काय बसत नाही ते पोरांना आपोआप दिसतं.

आकड्यांवर चार तास तरी द्या. जनगणना माणसाला जन्मठिकाण आणि आधीचं राहतं ठिकाण विचारते. सहा महिने जाऊन परत येणारा तिच्या जाळ्यात सापडत नाही. १९९१च्या जनगणनेत स्थलांतराच्या कारणांमध्ये दुष्काळ-पूर अशी नैसर्गिक आपत्तीची वेगळी नोंद होती. २००१ला ती गेली. पोरांना दोन्ही तक्ते दाखवा आणि विचारा, कारण नाहीसं झालं की रकाना? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४व्या फेरीत, म्हणजे २००७-०८ला, रोजगारासाठी वर्षातून महिनाभर ते सहा महिने बाहेर राहणाऱ्याला अल्पकालीन स्थलांतरित म्हटलं. आता २०२१-२२चा हंगाम आठवा. ऊस इतका होता की राज्यातले काही कारखाने जूनपर्यंत चालले. दिवाळीला निघून जूनमध्ये परतलेला ऊसतोड कामगार या व्याख्येतूनही बाहेर पडतो. एवढ्या एका उदाहरणावर पोरं तासभर भांडतात.

पेपरचा गाभा कार्यकारणाचा आहे. ‘पाऊस पडला नाही म्हणून माणसं गेली’ हे वाक्य पहिल्या दिवशी फळ्यावर लिहा आणि सत्रभर ते कुरतडा. त्यासाठी माझ्याकडे एक सराव आहे, तो सगळ्यांत जास्त उपयोगी पडला. प्रत्येकानं एक कुटुंब घ्यायचं, आपलं किंवा शेजारचं, आणि तक्त्याच्या कागदावर २०१०पासूनची पट्टी ओढायची. वरच्या ओळीत पाऊस, मधल्या ओळीत घरातले खर्च आणि कर्ज, खालच्या ओळीत कोण कुठं गेलं. पावसासाठी कृषी विभागाच्या संकेतस्थळावरचे महसूल मंडळनिहाय आकडे घ्या. जिल्ह्याची सरासरी चालत नाही, कारण एकाच तालुक्यात एक मंडळ भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं. वर्षाची बेरीजही पुरत नाही. पावसात खंड किती दिवसांचा पडला ते मोजायला लावा. बेरीज सरासरीइतकी आणि ऑगस्टमध्ये तीन आठवडे थेंब नाही, असं वर्ष कागदावर चांगलं दिसतं आणि रानात सोयाबीन करपलेलं असतं.

पट्ट्या भिंतीवर लावल्या की गंमत कळते. २०१२, २०१४, २०१५, २०१८ ही दुष्काळी वर्षं सगळ्यांच्या पट्टीत आहेत, पण खालची ओळ त्याच वर्षी हलतेच असं नाही. एका घरानं २०१३ला बोअर घेतला, तो कोरडा गेला, त्याचं कर्ज फिटेना म्हणून दोन वर्षांनी पहिल्यांदा उचल घेतली. दुसऱ्या घरात उचल मुलीच्या लग्नाला गेली, पाऊस बरा असतानाही. दुष्काळ कर्जाच्या वाटेनं, उशिरा घरात शिरतो. हे मी सांगितलं असतं तर त्यांनी नोट्समध्ये उतरवून घेतलं असतं. पट्टीवर बोट ठेवून ते त्यांनीच मला सांगितलं.

म्हणून प्रश्नावलीत ‘का गेलात’ विचारूच नका. तुम्ही हवामानाच्या अभ्यासाला आलात हे कळल्यावर समोरचा माणूस सभ्यपणे ‘पाऊस नाही ना’ म्हणतो. उचल कधी घेतली, कशाला लागली, मागच्या हंगामाची किती फिरली, मुकादम तोच का, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, एवढं विचारा. आणि जे गेले नाहीत त्यांच्याकडे जरूर जा. ब्रिटनच्या २०११च्या फोरसाइट अहवालानं अडकून पडलेल्या लोकांचा मुद्दा मांडला: ज्यांच्याकडे जाण्याइतकीही ऐपत नाही ते. आमच्याकडे त्याला अहवाल लागत नाही. कोयता म्हणजे जोडी. जी बाई एकटी आहे तिला पूर्ण उचल कोण देणार?

एक कडक सूचना. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल पोरांनी त्यांना विचारायचं नाही. २०१९मध्ये बातम्या आल्या, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तो विषय छापील कागदांवरून शिकवा. आमच्या एका गटानं उत्साहात विचारलं आणि त्या वस्तीत पुढं दोन वर्षं आम्हाला कुणी चहा दिला नाही. मुलाखत मुकादमासमोर घ्यायची नाही, नावं वहीत लिहायची नाहीत, फोटो विचारून.

पोहोचण्याचं ठिकाणही शिकवा, ते बहुतेक अभ्यासक्रमांत नसतं. दुष्काळी भागातला माणूस जातो कुठं, तर सर्वांत जास्त पाणी पिणाऱ्या पिकाच्या फडात, आणि ऑगस्ट २०१९ला तोच सांगली-कोल्हापूरचा पट्टा पुराखाली होता. शिवाय त्याच्या तीनच वर्षं आधी, म्हणजे २०१६च्या उन्हाळ्यात, सांगली जिल्ह्यातल्याच मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. हे दोन फोटो शेजारी ठेवले की व्याख्यानाची गरज उरत नाही.

कायद्याला दोन तास पुरे. १९५१च्या निर्वासितांच्या करारात हवामान हे कारण नाही. किरिबातीच्या इओआने टेटिओटा यांनी न्यूझीलंडकडे आश्रय मागितला, तो नाकारला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनंही त्यांच्या बाजूनं निकाल दिला नाही. पण हवामानामुळं जीव धोक्यात येणार असेल तिथं माणसाला परत पाठवता येणार नाही, हे तत्त्व मान्य केलं. निर्णय जानेवारी २०२०मध्ये जाहीर झाला. त्याला लागूनच १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा वाचा, जो पुढं २०२०च्या कामगार संहितेत घेतला गेला. नाव नीट वाचायला लावा: आंतरराज्य. धारूरहून बेळगाव जिल्ह्यात गेलेली टोळी त्यात येते, धारूरहून कोल्हापूरला गेलेली येत नाही. आमच्या पोरांना किरिबाती या टप्प्यावर कळतं, कारण रेषेच्या अलीकडे-पलीकडे असण्यानं काय फरक पडतो ते त्यांनी घरी पाहिलेलं असतं.

जागतिक बँकेच्या २०२१च्या ग्राउंड्सवेल अहवालातला आकडा, २०५०पर्यंत सहा प्रदेशांत २१.६ कोटींपर्यंत माणसं देशांतर्गत हलू शकतील, तो मी सर्वांत शेवटी देते. आधी दिला की पोरं तो पाठ करतात. शेवटी दिला की विचारतात, मॅडम, यात कुलपं मोजली का?

गुणांचं: चार क्रेडिट, साठ तास. त्यातले वीस तास गावात. अंतर्गत गुण पट्टीला आणि तिच्या तोंडी मांडणीला, निबंधाला शून्य. निबंध आता सगळे एकाच यंत्राकडून लिहून घेतात. जो विद्यार्थी फडात जाणार आहे त्याच्यासाठी आधीच विभागाचा ठराव करून ठेवा, ऐनवेळी परीक्षा विभाग ऐकत नाही. आमच्या ठरावानुसार तो फडातून आठवड्याला एक आवाजी नोंद पाठवतो: किती वाजता तोड सुरू झाली, दुपारी काम कधी थांबलं, पाणी कुठून आणलं, गाडी कधी भरली. गेल्या वर्षी दोघांनी पाठवल्या. नोंदीत मागं ट्रॅक्टर वाजतो, मधेच कुणीतरी मोळी बांधायला हाक मारतं. त्या मी वर्गात ऐकवते आणि त्या दिवशी त्यांची हजेरी लावते.