ऊर्जा तंत्रज्ञानाचं मॉडेल बनवताय? निधी ठरवण्याआधी या चुका टाळा

प्रयोगशाळेत नवा पदार्थ हाती लागतो, कोणीतरी स्प्रेडशीट उघडतं आणि संध्याकाळपर्यंत ‘प्रति युनिट इतका खर्च’ असा आकडा तयार होतो. पुढे त्याच आकड्यावर कोणत्या गटाला पाच वर्षं निधी मिळणार आणि कोणाचं काम थांबणार हे ठरतं. मॉडेलमधल्या एका चुकीपायी चांगली कल्पना मारली जाते आणि कच्ची कल्पना वर्षानुवर्षं पैसा खात राहते. म्हणून हा विषय मला फार जिव्हाळ्याचा वाटतो.

मॉडेलकडे निकाल मागणं

‘हे तंत्रज्ञान स्वस्त पडेल का?’ हा प्रश्न सुरुवातीच्या टप्प्यावर विचारूच नये. तेव्हा हाती असलेली निम्मी माहिती अंदाजाची असते. त्याऐवजी विचारा, कोणता गुणधर्म किती सुधारला तर एकूण खर्च किती हलतो? सौर पॅनेलचंच बघा. सेलचा पदार्थ निम्म्या किमतीत मिळाला तर बचत तेवढ्या पदार्थापुरती होते. पण कार्यक्षमता १५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेली, तर तेवढ्याच विजेसाठी क्षेत्रफळ पाव हिश्शाने कमी लागतं. मग काच, सांगाडा, जमीन, वायरिंग, बसवण्याची मजुरी असं सगळंच घटतं. ‘आमचा सेल कमी कार्यक्षम आहे, पण अगदी स्वस्त आहे’ असं म्हणणाऱ्या गटाला हे गणित प्रयोगांत दोन वर्षं घालवण्याआधीच दाखवता येतं. मॉडेलचा खरा उपयोग मला इथेच दिसतो.

सुधारणेचा अंदाज भौतिकशास्त्राच्या मर्यादेशीही ताडून पाहा. शॉकली आणि क्वायसर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एका जोडाच्या, म्हणजे प्रकाश शोषणारा एकच पदार्थ असलेल्या, सौर सेलची कमाल कार्यक्षमता साधारण ३३ टक्के येते. पवनचक्की वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जा घेऊ शकते; ही बेट्झची मर्यादा. तुमचा आलेख यांच्या पुढे जात असेल तर तो तिथेच थांबवा.

पहिला कारखाना विसरणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. बरीच खर्चाची मॉडेल्स असं गृहीत धरतात की अशाच पद्धतीचे अनेक कारखाने आधी उभे राहिले आहेत आणि त्यांच्या अडचणी सुटल्या आहेत. दूरच्या भविष्याची तुलना करायला ते ठीक आहे. पण गृहीतक अहवालाच्या तळटीपेत राहतं आणि आकडा तेवढा बैठकीत पोचतो.

रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या १९८१ च्या अभ्यासाने नव्या प्रक्रियांच्या पहिल्यावहिल्या कारखान्यांकडे पाहिलं होतं. त्यांचे सुरुवातीचे खर्चाचे अंदाज सर्रास कमी निघाले, आणि घन कच्चा माल हाताळणारे कारखाने द्रव किंवा वायूवर चालणाऱ्यांपेक्षा ठरलेल्या क्षमतेला पोचताना जास्त अडखळले. एवढं माहीत असूनही अमेरिकेच्या २००७ च्या ऊर्जा कायद्याने २०२२ पर्यंत वर्षाला १,६०० कोटी गॅलन सेल्युलोजजन्य इंधनाचं, म्हणजे पेंढा-काड्यांसारख्या तंतुमय मालापासून बनवायच्या इंधनाचं, लक्ष्य ठेवलं. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या जवळपासही गेलं नाही. कारणं अनेक होती, पण त्यांतलं एक फार बोलकं आहे: पेंढा, काड्या आणि त्यांना चिकटलेली माती यंत्रात नीट सरकत नव्हती, यंत्र तुंबत होतं. संशोधनाचं लक्ष पेंढ्याचं विघटन करणाऱ्या विकरांवर (एन्झाइम्सवर) होतं; पेंढा आत ढकलणाऱ्या यंत्राचं काम मात्र कोणाला आकर्षक वाटत नाही.

उपाय सोपा आहे. खर्चाचे दोन रकाने करा, एक पहिल्या कारखान्याचा आणि दुसरा सरावलेल्या कारखान्याचा. दोघांतला फरक कशाकशामुळे पडतो ते ओळीओळीने लिहा. निधीने काय शिकून घ्यायचं आहे, त्याची यादी त्या ओळींतच सापडते.

व्याजदर आणि शिकण्याचा वेग

२५ वर्षं चालणाऱ्या प्रकल्पात भांडवलाचा वार्षिक भार (व्याजासह परतफेडीचा हप्ता) ५ टक्के व्याजदराने मूळ रकमेच्या सुमारे ७.१ टक्के येतो, १० टक्के दराने ११ टक्के. सौर, पवन आणि अणुऊर्जेचा बहुतेक खर्च सुरुवातीलाच होतो, त्यामुळे केवळ या एका आकड्याने ती जिंकतात किंवा हरतात. इंधन जाळणाऱ्या केंद्राला तो तितका लागत नाही. दोन प्रस्तावांत वेगवेगळे दर धरलेले असतील तर तुलनाच बाद समजा.

शिकण्याच्या वेगाबद्दल तर आणखी जपून. एकूण उत्पादन दुप्पट झालं की खर्च ठरावीक प्रमाणात उतरतो, हे अमेरिकी अभियंता थिओडोर राइट यांनी १९३६ मध्ये विमानांच्या बाबतीत दाखवलं. सौर मॉड्यूलच्या किमती दर दुपटीला साधारण २० टक्क्यांनी उतरत आल्या. फ्रान्सच्या अणुभट्ट्यांचा बांधकाम खर्च मात्र कार्यक्रम पुढे सरकला तसा वाढत गेला. दहा दुपटींनंतर २० टक्के वेगाने खर्च मूळच्या ११ टक्क्यांवर येतो, १० टक्के वेगाने ३५ टक्क्यांवर. म्हणजे तिपटीहून अधिक फरक, तोही एका गृहीतकामुळे. नव्या तंत्रज्ञानाला सौर पॅनेलचा वेग लावायचा असेल, तर ते खरंच कारखान्यात एकसारखं, लहान आकारात आणि मोठ्या संख्येने बनणार आहे का ते आधी तपासा.

उत्तर विचित्र आलं तर

काही मॉडेल्स कोणत्या स्रोतातून किती वीज घ्यायची तेही ठरवतात. अशा मॉडेलने सगळी वीज एकाच स्रोतातून घेतली, तर तो निकाल बहुधा खर्चाच्या किरकोळ फरकावर हललेला असतो. उत्तर ‘बरं दिसावं’ म्हणून हाताने बंधनं घालू नका. एकूण खर्च ५ टक्क्यांनी वाढू द्या आणि आणखी किती वेगळे मार्ग निघतात ते बघा. विजेची साठवणूक अनावश्यक ठरत असेल तर मॉडेलने वर्षाचे किती तास धरलेत ते तपासा. ८,७६० तासांऐवजी मोजके सरासरी दिवस घेतले की वारा पडलेला अख्खा आठवडा गायब होतो. हायड्रोजनचे आकडे जुळत नसतील तर ऊर्जामूल्य बघा: पाण्याची वाफ निवताना मिळणारी उष्णता धरली तर किलोला ३९.४ किलोवॉट-तास, नाही धरली तर ३३.३. एका अहवालातून एक आणि दुसऱ्यातून दुसरं उचललं की कार्यक्षमतेत १५ टक्क्यांची चूक सहज शिरते.

आणि प्रत्येक गृहीतकापुढे तारीख घाला. वर्षभराने प्रयोगशाळेतलं मोजमाप आलं की त्याच ओळीत शेजारी लिहा, आणि जिथे तफावत सर्वांत मोठी असेल त्या प्रयोगावर पुढचा हप्ता लावा.