पाच दिवस ताप, डोळे लाल, ओठ लाल? कावासाकी ओळखताना या चुका टाळा

लहान मुलाचा ताप अँटिबायोटिक चालू असूनही पाचव्या दिवशी उतरत नसेल तर "व्हायरल आहे, जाईल" म्हणून थांबू नका. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये मुख्यतः दिसणाऱ्या कावासाकी आजारात रक्तवाहिन्यांना सूज येते आणि खरा धोका असतो तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांना. टोकियोच्या डॉ. तोमिसाकु कावासाकींनी १९६७ मध्ये ५० मुलांच्या केसेस लिहिल्या म्हणून हे नाव, पण आजार फक्त जपानचा नाही, आपल्याकडच्या मुलांनाही होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक लक्षणाचं वेगळं कारण काढणं. डोळे लाल झाले की डोळे आलेत, ओठ फुटले की उष्णता झाली, मानेत गाठ आली की गालगुंड, पुरळ आलं की गोवर नाहीतर औषधाची रिअ‍ॅक्शन, आणि मग चार कारणांची चार औषधं सुरू. जरा नीट बघा. डोळे आले की सहसा चिपडं येतात, पापण्या चिकटतात, कावासाकीत दोन्ही डोळे लाल असतात पण चिपडं नसतात. ओठ लालभडक आणि चिरलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी दाणेदार, तळहात-तळपाय सुजलेले, कधीकधी मूल पाय खाली टेकवायलाच तयार होत नाही. बाळाच्या डाव्या दंडावरची बीसीजीची खूण अचानक लाल होऊन फुगली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा, बाकी कशात हे फारसं दिसत नाही. नखांच्या कडेची साल निघते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, तिची वाट बघाल तर उशीर होईल.

ही लक्षणं एकदम येतही नाहीत. पुरळ येऊन दोन दिवसांत गेलेलं असतं आणि दवाखान्यात दाखवायला काहीच उरत नाही, म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते लिहून ठेवा, पुढचं सगळं गणित त्या तारखेवर चालतं. सहा महिन्यांखालच्या बाळात तर नुसता ताप आणि एखादंच लक्षण असू शकतं, आणि धमन्यांना धोका त्यांनाच जास्त.

"रिपोर्ट नॉर्मल आहे" यावरही लगेच निश्चिंत होऊ नका. याची अशी एकच टेस्ट नाही. सीआरपी, ईएसआर (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) वाढतात पण प्लेटलेट वाढतात त्या बहुधा दुसऱ्या आठवड्यात, आणि पहिला टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आला तरी धमनीला फुगा, म्हणजे तिची भिंत एका जागी फुगणं, नंतर येऊ शकतो. म्हणून एक-दोन आठवड्यांनी आणि पुन्हा चार-सहा आठवड्यांनी इको करायचाच, मूल खेळायला लागलं असलं तरी.

आणि ताप गेला म्हणजे आजार गेला असं इथे होत नाही!! उपचार न करताही ताप साधारण दोन आठवड्यांत आपोआप जातो, पण अशा चारातल्या जवळपास एका मुलाच्या धमनीत फुगा राहतो. ताप सुरू झाल्यापासून १० दिवसांच्या आत आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं अँटीबॉडीजचं औषध) मिळालं तर हे प्रमाण वीसात एकाच्या आसपास येतं. डोस किलोला २ ग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला २० ग्रॅम, सलाईनमधून १०-१२ तासांत. औषध महाग आहे हे खरंय, पण पैशांपायी अर्धा डोस घेऊ नका, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा, महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. दहा दिवस उलटले असले आणि ताप चालूच असेल तरी आयव्हीआयजी देतात. ते संपून ३६ तासांनीही ताप असेल तर लगेच सांगा, काही मुलांना दुसरा डोस किंवा स्टेरॉइड लागतं.

घरी गेल्यावर छोट्या डोसची अ‍ॅस्पिरिन सहा-आठ आठवडे चालते, ती मनाने बंद करायची नाही. सोबत आयब्युप्रोफेन नको, अ‍ॅस्पिरिनचं काम अडतं. अ‍ॅस्पिरिन चालू असताना घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. एमएमआर आणि कांजिण्यांची लस आयव्हीआयजीनंतर ११ महिने पुढे ढकलतात, बाकीच्या लसींचं डॉक्टरांना विचारून घ्या, आणि आयव्हीआयजीची तारीख लसीकरणाच्या कार्डावर लिहून घ्या.