वीजबिलातून आलेख: डिजिटल फळ्यावरचा एक तास

टप्प्यांनुसार बदलणारा दर सातवी-आठवीच्या वर्गाला शिकवायचा असेल, तर घरच्या वीजबिलाइतका सोयीचा संदर्भ क्वचितच सापडतो; महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १०० युनिट, १०१ ते ३०० युनिट असे टप्पे असतात आणि प्रत्येकाचा दर निराळा असतो. नेदरलँड्समध्ये गणितज्ञ हान्स फ्रॉयडेन्थाल यांच्या विचारांतून घडलेल्या गणितशिक्षणाला ‘वास्तववादी’ म्हणतात खरे, पण त्या नावामागच्या डच क्रियापदाचा अर्थ ‘डोळ्यांसमोर आणणे’ असा आहे. म्हणून दर खरेच असावेत असा हट्ट धरू नये. पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये आणि पुढच्या युनिटांना १० रुपये हे सोपे आकडे घ्यावेत, आणि ते सोयीसाठी घेतल्याचे मुलांना सांगून टाकावे.

आदल्या दिवशी एका बिलाचा फोटो फळ्याच्या पानावर घ्यावा आणि नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक पक्का झाकावा. ‘मागील रीडिंग’ आणि ‘चालू रीडिंग’ उघडे ठेवून रकमेवर फळ्यातला सरकता पडदा ओढावा. जिओजेब्रा या आलेख काढण्याच्या संगणकप्रणालीमध्ये (०, ०), (१००, ५००) आणि (३००, २५००) हे बिंदू क्रमाने जोडून त्या रेषेवर एक सरकता बिंदू ठेवावा. दोन्ही अक्षांचे प्रमाण एकास एक राहिले तर आलेख जवळजवळ उभा दिसतो, म्हणून ते एकास दहा करावे.

वर्गात १४० युनिटांचे बिल विचारले की बरीच मुले १४० ला १० ने गुणून १४०० सांगतात. हे उत्तर खोडू नये. लाल रंगात तसेच राहू द्यावे. मग १०० युनिटांचे बिल काढायला सांगावे, ते ५०० येते. त्यानंतर त्याच रीतीने १०१ युनिटांचे काढायला सांगावे, ते १०१० येते. एक दिवा थोडा जास्त वेळ जळला म्हणून बिल दुप्पट कसे झाले, अशी कुजबुज मागच्या बाकावरून सुरू होते, आणि शिक्षकाने गप्प राहण्याची वेळ नेमकी हीच असते. पहिल्या १०० युनिटांचे ५०० आणि उरलेल्या ४० युनिटांचे ४० गुणिले १० म्हणजे ४००, असे मिळून ९०० हा हिशेब मुलांनी वहीत मांडल्यानंतरच आलेख उघडावा आणि एकाला बिंदू सरकवायला बोलवावे. माझ्या मते डिजिटल फळ्याचा सर्वांत मोठा दुरुपयोग म्हणजे मुलांनी अंदाज बांधण्याआधीच उत्तर हलते करून दाखवणे.

प्रोजेक्टरला धक्का लागला की बोटाखालची रेघ दोन बोटे बाजूला उमटते. तेव्हा तास सुरू होण्यापूर्वी कॅलिब्रेशन, म्हणजे बोट आणि रेघ यांची जुळणी, करून घ्यावे. आलेखकागदही जवळ असावेत, कारण वीजबिलाच्या तासालाच वीज गेल्याचा अनुभव मी घेतला आहे.

पुढच्या तासाला त्याच बिलातला ‘स्थिर आकार’, म्हणजे वापर कितीही असला तरी लागणारी ठरावीक रक्कम, घ्यावा आणि शून्य युनिट जळाले तर आलेख कोठून सुरू होईल, हे विचारावे.