आधी प्रश्न, मग कॅमेरा: ई-लर्निंगमध्ये व्हिडिओ घालताना

ई-लर्निंगच्या कामात येऊ पाहणारी मुलं-मुली रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीकडून फोन करतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, सॉफ्टवेअर कुठलं शिकू?" सॉफ्टवेअर सरावानं हातात बसतं. अंगवळणी पडायला वेळ लागतो तो दुसऱ्याच सवयीला. व्हिडिओ कुठे थांबणार आणि थांबल्यावर शिकणाऱ्यानं काय ठरवायचं, हे कागदावर आल्याशिवाय मी शूटिंगला जात नाही.

आंब्याच्या कोय कलमाचं उदाहरण घेते. कोयीतून नुकतंच वर आलेलं, तांबूस पानांचं रोप घ्यायचं. त्याचा शेंडा छाटून खोडाला मधोमध उभा काप द्यायचा. हापूसच्या काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्या कापात बसवायचं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं. मुरलेला माणूस हे इतक्या सफाईनं करतो की सलग व्हिडिओ बघणाऱ्याला सगळं समजल्यासारखं वाटतं. मग प्रत्यक्ष चाकू हातात घेतल्यावर तो पहिल्याच पायरीला अडतो, कारण काडी कुठली निवडायची हेच त्यानं ठरवलेलं नसतं.

म्हणून व्हिडिओ तिथे थांबवायचा. पडद्यावर तीन काड्या: एक अगदी कोवळी, एकीचा डोळा (कोंब) आधीच फुटलेला, तिसरीचा डोळा टपोरा पण मिटलेला आणि जाडी रोपाच्या खोडाइतकी. यातली कुठली घ्याल? चुकीची निवडली, तर कलम बांधणारे काका काडीचा डोळा चाचपून बघतात त्या क्षणाकडे व्हिडिओ मागे जातो. बरोबर आली की पुढे. जाडी का जुळायला हवी, हेही तिथेच सांगता येतं: दोन्हींच्या सालीखालचा थर एकमेकांना भिडला तरच कलम जीव धरतं.

आता शूटिंगच्या दिवशी याचा उपयोग बघा. प्रश्न आधी लिहिलेला असला की या तीन काड्या शेजारी शेजारी ठेवून जवळून चित्रित करायच्या आहेत हे ठाऊक असतं. "काका, जरा थांबा, हा काप पुन्हा एकदा सावकाश द्या" असं नेमक्या ठिकाणी सांगता येतं. कलमं बांधायची ती पावसाळ्यात. तेव्हा एखादं दृश्य राहिलं, तर सरळ वर्षभर वाट बघावी लागते. मासेमारीचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, तांडेल (होडीचा प्रमुख) किनाऱ्यावर. जाळी दुरुस्तीचं चित्रण करायला यासारखा काळ नाही. पण भर समुद्रात जाळं ओढतानाचं दृश्य हवं असेल, तर ते मे महिन्यातच उरकलेलं बरं.

वर सांगितलेली मागे-पुढे जाण्याची सोय एच५पी या मोफत, मुक्तस्रोत साधनाच्या 'इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ' प्रकारात आहे, आणि नवख्यानं सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे. पॉवरपॉइंट येत असेल, तर व्हिडिओवर बुकमार्क लावून त्या क्षणी एखादा बाण किंवा चौकट उमटवता येते. त्यात व्हिडिओ फाइलमध्येच बसवा, नुसता लिंक करू नका. लिंक केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर नसली की ऐन वेळी चित्र दिसतच नाही. स्टोरीलाइन या ई-लर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रिगर (म्हणजे 'हे झालं की ते कर' अशा सूचना) वापरून याहून बरंच काही जमतं, पण ते विकत घ्यावं लागतं. ते नंतर.

लांबी किती? एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात छोटे व्हिडिओ जास्त टिकून पाहिले जातात असं दिसलं. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी पाहण्याचा मध्यक कालावधी ६ मिनिटांच्या पुढे गेला नाही. मी एका तुकड्यात एकच निर्णय ठेवते, मग लांबी आपोआप आटोक्यात राहते.

फाइलचं वजन मात्र मनावर घ्या. खाडीपट्ट्यातल्या गावात, पावसात वीज गेल्यावर मोबाईल नेटवर्कच्या एखाद्या दांडीवर तुमचा धडा उघडायचा आहे. फोनवर ४के मध्ये घेतलेलं एक मिनिटसुद्धा काहीशे एमबी सहज खातं. तेच ७२० पिक्सेलवर, साधारण १.५ एमबीपीएसने (सेकंदाला दीड मेगाबिट) काढलं, तर मिनिटाला ११ एमबीच्या आसपास बसतं. एमपी४ फाइल, चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी, ही जोडी जवळपास सगळीकडे चालते. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर वापरा आणि त्यातल्या 'वेब ऑप्टिमाइझ्ड' चौकटीवर खूण करा. त्यामुळे फाइलची अनुक्रमणिका शेवटून सुरुवातीला येते आणि पूर्ण डाउनलोड व्हायच्या आधीच व्हिडिओ चालू होतो. आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओवर विसंबू नका. २०१८ पासून क्रोम आवाजासकट ऑटोप्ले सहसा अडवतो, म्हणून 'सुरू करा' हे बटण स्वतःच द्या.

आवाजाचं नीट ऐका. आपल्याकडे दिवस वर आला की खारा वारा सुटतो आणि माइकमध्ये नुसती घरघर भरते. किनाऱ्यावरचं बोलणं भल्या सकाळी घ्या, कॉलर माइकला वारा अडवणारं फर लावा. निवेदन घरी वेगळं रेकॉर्ड करा, आणि पत्र्याच्या छपराखाली पाऊस पडत असेल तर थांबा. बागेत दाट सावली आणि मधूनच कवडसे असतात, तेव्हा फोनच्या पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर चित्र सारखं उजळ-काळं होत राहतं.

मराठी सबटायटल द्याच. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांचा तो हक्क आहे, आणि एसटीत इअरफोनशिवाय बघणारेही खूप असतात. ती चित्रावर कायमची छापू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे ज्याला नको तो बंद करू शकतो. एच५पीला सबटायटलची व्हीटीटी प्रकारची फाइल लागते. एसआरटी या दुसऱ्या प्रकारची फाइल तयार असेल, तर पहिल्या ओळीत WEBVTT हा शब्द असाच मोठ्या रोमन अक्षरांत टाका आणि वेळेतल्या स्वल्पविरामाच्या जागी टिंब द्या. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, तरच देवनागरी शाबूत राहते.

ग्राहक बहुधा स्कॉर्म पॅकेज मागतो, म्हणजे कुठल्याही एलएमएसवर (अभ्यासक्रम चालवायची ऑनलाइन व्यवस्था) चढवता येईल अशा ठरलेल्या रचनेतला धडा. त्यांच्या एलएमएसवर किती मोठी फाइल चढते, हे काम घेतानाच विचारा. "व्हिडिओ पूर्ण बघितल्याशिवाय पुढचं बटण चालू नको" अशीही मागणी येते. मी तिला शक्यतो विरोध करते. कुलूप लावलेला व्हिडिओ लोक चालू करून चहाला जातात. पुढे जायची वाट प्रश्नाच्या उत्तरातून ठेवावी, म्हणजे ज्याला येतं त्याचा वेळ वाचतो आणि ज्याला येत नाही तो आपणहून मागे जाऊन बघतो.

काम मागायला जाताना मोठा अभ्यासक्रम दाखवायची गरज नाही. तीन-चार मिनिटांचा एकच तुकडा करा, तुमच्या घरात किंवा वाडीत कुणाला तरी चांगलं येणाऱ्या कामाचा: सुपारी सोलणं, जाळं विणणं, आमसुलं घालणं. त्यात दोन थांबे ठेवा. तो अशा एखाद्याच्या हातात द्या ज्यानं ते काम कधी केलेलं नाही, शेजारी बसा, काही सांगू नका. तो कुठे अडला ते टिपून तुकडा सुधारा, आणि मुलाखतीला आधीचा व नंतरचा असे दोन्ही घेऊन जा.