फुलानींचं मूळ शोधताना आधी दूध बघा

आफ्रिकेतल्या भटक्या आणि स्थायिक समाजांवरचा जनुकीय शोधनिबंध हाती पडला की माझे विद्यार्थी थेट रंगीत पट्ट्यांच्या आकृतीवर झडप घालतात, जिच्यात प्रत्येक रंग म्हणजे वंशाचा एक वाटा. ती आकृती आधी वहीखाली झाका.

पहिल्यांदा नमुने कुणाचे घेतले ते वाचा. नुसतं 'फुलानी' (पश्चिम आफ्रिकेत आणि साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्यात, पसरलेला पशुपालक समाज) लिहिलेलं पुरत नाही. गुरांमागे फिरणारे की गावात घर बांधून राहिलेले? बुर्किना फासोतले की चाडमधले? फुलानींची भाषा सेनेगलच्या वोलोफ आणि सेरेरची भावंडं. म्हणजे भाषा पश्चिम आफ्रिकेची, पण जनुकांत उत्तर आफ्रिकेचाही वाटा आहे. ही विसंगती पेन्सिलने टिपून ठेवा, पुढे लागेल.

मग दूध. मोठेपणीही दूध पचवू देणारे बदल लॅक्टेजच्या (दुधातली साखर पचवणाऱ्या विकराच्या) जनुकात नसतात. ते शेजारच्या एमसीएम6 या जनुकात सापडतात. जागेवरून त्यांना क्रमांक दिलेत, आणि टी, जी, सी ही त्या जागेवरची डीएनएची अक्षरं. 13910 वर टी असेल तर तो फुलानींत आणि युरोपातही आढळणारा प्रकार. 13915 वर जी हा अरबस्तानातला. साहेलच्या अरब पशुपालकांत तो दिसतो. 14010 वर सी हा पूर्व आफ्रिकेतला, मसाईंसारख्या गुराख्यांचा. हाच सी आफ्रिकेच्या दक्षिणेत नामा या पशुपालक लोकांत सापडतो. सुमारे 2000 वर्षांपूर्वी पूर्वेकडून काही पशुपालक खाली उतरले, त्याचा हा माग. शेजारच्या शेतकऱ्यांमध्ये हे प्रकार सहसा कमी असतात.

इथेच मी एकदा तोंडघशी पडले होते. 13910 चा टी बघून समासात लिहिलं, 'फुलानी युरोपातून आले.' माझ्या मार्गदर्शकांनी त्यावर काट मारली आणि विचारलं, "मधे उत्तर आफ्रिका आहे, ती कुठे गेली?" एक अक्षर सारखं निघालं म्हणून अख्खा समाज तिथून चालत आला, असं होत नाही. लग्नं होतात, माणसं मिसळतात, आणि दुधावर जगणाऱ्यांत असा बदल झपाट्याने पसरतो.

आईकडची आणि बापाकडची वंशरेषा वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. दोन्ही एकच गोष्ट सांगतील ही अपेक्षा ठेवू नका. सून कुठून येते आणि जावई कुठे राहतो, यावर ते ठरतं.

आता आकृती उघडा. भटक्यांना स्वतंत्र रंग मिळाला तरी दचकू नका. लहान गट, आपसात लग्नं, की काही पिढ्यांत जनुकांची टक्केवारी आपोआप सरकते आणि संगणक त्याला वेगळा रंग देतो. तो रंग 'शुद्ध मूळ' नव्हे.

शेवटी तारखा. दोन समाज कधी मिसळले, तो काळ पिढ्यांत मोजतात. 60 पिढ्या म्हणजे 25 वर्षांच्या हिशेबाने 1500 वर्षं, 30 च्या हिशेबाने 1800. निबंधात पिढी किती वर्षांची धरलीय ते तारखेशेजारी लिहा, मगच दुसऱ्या निबंधाशी ताडून बघा.