डबलबारीचे रसिक हातचे जाऊ नयेत म्हणून

डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. बारी रंगते, लोक बुवांचा नंबर मागतात, आणि पुढची बारी होऊन गेल्यावर त्यांना कळतं. फेसबुकवरची तारीख सगळ्यांना दिसतेच असं नाही. त्यापेक्षा व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो.

१. रसिकाचा नंबर घ्या. तुमचाही त्याच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करायला लावा, नाहीतर मेसेज पोचतच नाही.
२. कणकवली, कुडाळ, मुंबईचे चाकरमानी अशा वेगळ्या लिस्ट ठेवा. एकीत २५६ जण मावतात.
३. तारीख, गाव, वेळ आणि भजनातल्या गजराची छोटी क्लिप पाठवा.

उत्तर फक्त तुम्हालाच येतं, म्हणजे ग्रुपवरच्या ‘शुभ सकाळ’चा पूर नाही. त्या उत्तराला बुवांनी स्वतःच्या आवाजात दोन शब्द पाठवावेत. खरी माणसं त्यानेच धरून राहतात.

फक्त रोज क्लिपा पाठवू नका, लोक ब्लॉक करतात.