लॉक सेट गेलाय म्हणण्याआधी

साताऱ्याजवळ हायवेला लागून असलेल्या एका गॅरेजात मी वायरमन आहे. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकलची दोन वर्षं केली, अप्रेंटिस म्हणून इथं आलो आणि इथलाच झालो. आता नवीन पोरं माझ्या हाताखाली येतात. प्रत्येकाला आल्या आल्या इंजिन खोलायचं असतं. मी आधी त्यांना स्टिअरिंगखाली मान वाकडी करून बसवतो. कंबर धरते, घाम डोळ्यांत जातो, पण चावी, इग्निशन स्विच आणि स्टिअरिंग लॉक हे काम नीट आलं की वायरिंगची निम्मी भीती जाते, असा माझा अनुभव आहे.

मी स्वतः हे काम शिकलो ते एका गुरुजींच्या गाडीमुळे. जुनी छोटी पेट्रोल गाडी होती. तक्रार अशी की स्पीडब्रेकरवरून गेलं की मीटरमधले दिवे जातात आणि गाडी बंद पडते. चावी मागेपुढे केली की पुन्हा चालू. गुरुजींनी आमच्याकडे यायच्या आधी बॅटरी बदलली होती, टर्मिनल बदलली होती, कुणीतरी सेल्फही, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, खोलून कार्बन घातले होते. मी अप्रेंटिसच्या जोरात सांगून टाकलं, "लॉक सेट गेलाय."

आमचे मालक, सगळे त्यांना मामा म्हणतात, शेजारी चहा पीत उभे होते. त्यांनी विचारलं, "सेटमधलं काय गेलंय?"

मला उत्तर आलं नाही. मामांनी गुरुजींच्या हातातला जुडगा घेतला. घराची चावी, कपाटाची, शाळेच्या खोल्यांच्या, एक मोठं गोदामाचं कुलूप उघडायची आणि वर ज्योतिबाचं पितळी कीचेन. सगळं काढून फक्त गाडीची चावी त्यांनी माझ्या हातात दिली. "जा, पुढच्या दोन स्पीडब्रेकरवरून फिरवून आण." गेलो, आलो. गाडी बंद पडली नाही.

गाडी दुरुस्त झाली नव्हती हे उघड आहे. पण दोष कुठल्या बाजूला आहे ते पाच मिनिटांत कळलं होतं, आणि त्यासाठी एक स्क्रूही काढावा लागला नव्हता.

आपण ज्याला सरसकट लॉक सेट म्हणतो त्यात तीन वेगळी कामं करणारे तीन भाग एका खोक्यात असतात. पुढं बॅरल, म्हणजे चावी घालायची नळी. तिच्यात पातळ पितळी पत्त्या असतात, प्रत्येकीच्या मागं छोटी स्प्रिंग. बरोबर चावी घातली की सगळ्या पत्त्या बॅरलच्या अंगासरशी येतात आणि बॅरल फिरतं. मधे स्टिअरिंग लॉकची पिन. चावी काढली की ती स्प्रिंगच्या जोरानं बाहेर येते आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या खाचेत बसते. आणि सगळ्यात मागं खरा इग्निशन स्विच, ज्याला चावीशी थेट काही देणंघेणं नसतं. बॅरलचं शेपूट त्याला फिरवतं आणि तो आतले तांब्याचे पॉइंट जोडतो. चावीच्या चार जागा त्याच्याच: लॉक, अॅक्सेसरी, ऑन, स्टार्ट. हे तिन्ही भाग स्वतंत्रपणे झिजतात, आणि तिघांची लक्षणं वेगळी असतात. तरी दहातले आठ जण पूर्ण सेट बदलून मोकळे होतात. मग दारांची चावी एक आणि इग्निशनची दुसरी, असा दोन चाव्यांचा संसार ग्राहकाच्या गळ्यात पडतो.

म्हणून मी पोरांना आधी प्रश्न विचारायला सांगतो. चावी आत जायला त्रास देते की फिरायला? फिरते, पण काहीच होत नाही? ऑनवर असताना चावी बाहेर निघते का? चावी अशी निघत असेल तर चावी किंवा पत्त्या झिजल्यात, डोळे झाकून सांगावं. चावी मजेत फिरते पण दिवेच लागत नाहीत, किंवा चावी जरा मागं ओढून धरली की लागतात, तर मागचा स्विच. चावी फिरतच नाही आणि गाडीचं चाक फूटपाथला टेकवून लावलेलं आहे, तर बहुतेक काहीच झिजलेलं नाही. चाकाचा ताण पिनेवर आलाय. स्टिअरिंग ज्या बाजूला थोडं सैल लागतं तिकडं हलकं ओढून धरायचं आणि चावी फिरवायची. अशा फोनवर मी कधी पैसे घेतले नाहीत. पण फोन येईपर्यंत लोकांनी पकडीनं चावी फिरवलेली असते आणि ती निम्मी आत तुटलेली असते, हेही खरं.

चावीबद्दल एक गोष्ट शिकवायला कुणी बसत नाही. गाडीसोबत आलेली दुसरी चावी, जी कपाटात पडून असते, ती मागवा. तिनं लॉक सुरळीत फिरलं तर बॅरलला हात लावू नका. रोजची चावी झिजली आहे. आणि डुप्लिकेट करायची झाली तर त्या कपाटातल्या चावीवरून करा, किंवा चावीसोबत नंबराची पट्टी मिळालेली असते तिच्यावरून. झिजलेल्या चावीवरून केलेली नवी चावी ही नव्या धातूतली झिजलेली चावीच असते. चावीवाला मशिनवर जे आहे तेच उतरवतो, त्याचा काय दोष?

बॅरलमध्ये तेल ओतू नका. पहिले दोन दिवस लोण्यासारखं चालतं, मग आपल्या रस्त्यांवरची धूळ त्या तेलात बसते आणि काळं खळ तयार होतं. ग्रॅफाइट पावडर मिळते, ती चिमूटभर पुरते. नसेल तर चावीवर शिसपेन्सिल घासा आणि दहा वेळा आतबाहेर करा. बॅरल खोलायचीच वेळ आली तर बऱ्याच गाड्यांत चावी अॅक्सेसरीवर ठेवून बाजूच्या बारीक भोकातून टोच्यानं खिट्टी दाबली की ते बाहेर येतं. पत्त्या ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं ठेवा. मी अंड्याचा रिकामा ट्रे वापरतो. एक स्प्रिंग उडाली की अर्धा दिवस झाडू मारण्यात जातो, हे प्रत्येक पोराला एकदा स्वतः बघावंच लागतं.

आता पुन्हा गुरुजींच्या गाडीकडं. मामांनी मल्टिमीटर दिला आणि वीस व्होल्ट डीसीवर लावायला सांगितलं. आमच्यातले बरेच जण अजून टेस्ट लॅम्पवर जगतात. टेस्ट लॅम्प लागला म्हणजे करंट आहे एवढंच कळतं, पुरेसा आहे का ते कळत नाही. स्विचच्या मागं कपलर, म्हणजे वायरींचा जोड, असतो. त्यात बॅटरीकडून येणारी जाड वायर आणि ऑनवर पुढं जाणारी वायर अशा दोन शोधायच्या. युरोपी पद्धतीच्या वायरिंगच्या आकृतीत बॅटरीची 30, इग्निशनची 15 आणि सेल्फची 50 असे आकडे छापलेले असतात, ते पाठ करून ठेवा. चावी ऑनवर, ब्लोअर चालू, हेडलाइट चालू, आणि मीटरचं एक टोक एका वायरला, दुसरं दुसऱ्या वायरला. स्विच चांगला असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. 0.2 व्होल्टपर्यंत मी सोडून देतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की आतले पॉइंट जळालेत असं समजा. गुरुजींच्या गाडीत 1.8 दिसले, आणि जुडगा लावून हलवला तर आकडा नाचायला लागला.

तीच तपासणी सेल्फ मारताना 50 च्या वायरवर करायची. गाडी गरम असताना नुसता टक आवाज येतो आणि सेल्फ फिरत नाही, अशा तक्रारीत सेल्फ खोलायच्या आधी हे बघा. सॉलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा विजेचा चुंबक, ओढताना क्षणभर चांगला मोठा करंट मागतो, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत तो सगळा या बोटभर स्विचमधून जातो. तिथं एक रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच, घातला की चावीच्या स्विचवरचा भार उतरतो. रिले आणि फ्यूज दोन्ही घाला. फ्यूजशिवाय घातलेल्या रिलेमुळं वायरिंग वितळलेलं मी पाहिलंय.

जुडग्याच्या वजनाला कुणी हसत असेल तर त्याला अमेरिकेतली जनरल मोटर्सची गोष्ट सांगा. तिथल्या काही छोट्या गाड्यांत चावी ऑनवर धरून ठेवणारी आतली स्प्रिंग आणि टिकली कमजोर होती. जड जुडगा किंवा गुडघ्याचा धक्का लागला की स्विच मागं सरकायचा, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडायची नाही. 2014 मध्ये त्या कंपनीनं जगभरातल्या सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या. नंतर नुकसानभरपाईच्या प्रक्रियेत 124 मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य झाले. सुधारित भागातली टिकली जुनीपेक्षा दीडेक मिलिमीटर लांब होती. एवढाच फरक.

आपल्याकडं याचा दुसरा अवतार घाटात दिसतो. पेट्रोल वाचवायला काही जण खंबाटकी उतरताना चावी बंद करून गाडी सोडतात. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते. त्यात झिजलेल्या लॉकची पिन चावी आत असतानाही खाचेत उतरली, तर स्टिअरिंग जागच्या जागी बसतं. असा ग्राहक आला की मी बिल करायच्या आधी त्याला हे सांगतो, मग त्याला राग आला तरी चालेल.

स्टिअरिंगखालचं कव्हर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. एअरबॅग असेल तर त्यानंतर थांबा. कंपनीच्या पुस्तकांत मिनिट-दोन मिनिटं लिहिलेली असतात, आम्ही दहा थांबतो. तेवढ्यात चहा होतो. नव्या गाड्यांच्या चावीत चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरची चिप असते आणि बॅरलभोवती तिची अँटेना रिंग. बॅरल बदललं तरी ती रिंग आणि जुनी चिप जपा, नाहीतर सेल्फ फिरेल आणि गाडी चालू होणार नाही.

पूर्ण लॉक उतरवायची वेळ आली की डोकं नसलेले दोन बोल्ट दिसतील. चोराला पान्यानं खोलता येऊ नये म्हणून कारखान्यात ते डोकं तुटेपर्यंत आवळलेले असतात. पंचानं मध्यावर खूण करून बारीक छिन्नीनं उलट्या दिशेनं हळूहळू ठोकले तर बरेचसे सुटतात. नाही सुटले तर उलट्या आट्याचा ड्रिल बिट. तो चावतो तेव्हा बोल्टच फिरून बाहेर येतो.

माझी सगळ्यात मोठी चूक या बोल्टवरच झाली. दुसऱ्या वर्षी एकदा नवं लॉक बसवलं, नवे बोल्ट घातले आणि दोन्हींची डोकी कट्‌कन तोडून खूश झालो. मग चावी काढली, स्टिअरिंग फिरवलं, लॉकच लागेना. लॉक केसभर तिरकं बसलं होतं, पिन खाचेपर्यंत पोचत नव्हती. नवेकोरे बोल्ट ड्रिल करण्यात दुपार गेली. मामा काही बोलले नाहीत, फक्त संध्याकाळी माझ्याऐवजी दुसऱ्या पोराला ट्रायलला घेऊन गेले. ते मला जास्त लागलं.

तेव्हापासून बोल्ट हातानं आवळायचे आणि मग तपासायचं. चावी ऑनवर ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, कुठं घासतंय का ते कानानं ऐका. चावी काढा, लॉक लागलं पाहिजे. चावी घालून अॅक्सेसरीवर आणा, सुटलं पाहिजे. स्टार्टवरून सोडल्यावर चावी स्वतःहून ऑनवर परत आली पाहिजे, ती अडकली तर सेल्फ फिरतच राहतो आणि जळतो. हे सगळं दहा वेळा. मगच डोकी तोडा.

गुरुजींच्या गाडीला शेवटी फक्त मागचा स्विच लागला. पुण्याच्या नाना पेठेतून मागवला, दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलनं आला, दोन स्क्रूंवर बसला. बॅरल, चावी, लॉक सगळं जुनंच राहिलं. गोदामाची चावी गुरुजींनी वेगळ्या कडीत घातली, ज्योतिबा मात्र गाडीच्या चावीलाच राहिला.

काही जण म्हणतात, स्विच कशाला, एक पुश बटण लावून द्या, शंभर रुपयांत काम होतं. आम्ही लावत नाही. लॉकची पिन तशीच ठेवून वायरी बाहेरून जोडल्या की गाडी चालू होते आणि पहिल्या वळणावर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. पिन कापून टाकली की ती गाडी कुणीही घेऊन जाऊ शकतं.

आणि हे काम शिकलात की गावातली निम्मी गाड्यांची दारं तुम्हाला उघडता येतील, हे लोकांना कळतंच. चावी हरवली म्हणून कुणी गाडी ओढून आणली तर आधी आरसी आणि माणसाचं ओळखपत्र बघा, नाव जुळलं नाही तर हात लावू नका, माणूस ओळखीचा असला तरी. काढलेलं जुनं बॅरल ग्राहकाच्या हातात द्या. तो नको म्हणाला तर त्याच्यासमोर ग्राइंडरवर धरा आणि मग भंगारात टाका.